वाक्य एक, वाटा तीन

रमजानच्या एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यातली माणसे चांद पाहायला मशिदीमागच्या पटांगणात जमत. सगळ्यांची तोंडे मावळतीकडे, सगळ्यांच्या माना वर. चांद पाहायचा आहे हे लहानथोर सर्वांना ठाऊक असे. पण एवढ्या मोठ्या आभाळात नेमके कुठे पाहायचे, हे कुणालाच ठाऊक नसे. मग गर्दीतून कुणीतरी ओरडे, 'दिसला!' लगेच दहा बोटे दहा दिशांना उठत आणि गोंधळ आणखी वाढे. अशा वेळी एक वयस्कर चाचा पुढे येत आणि शांतपणे सांगत, 'आधी त्या लिंबाचा शेंडा धरा. शेंड्यापासून वीतभर डावीकडे. आता दोन बोटे खाली.' मग एकेकाचा चेहरा उजळत जाई.

लहानपणी मला वाटे, चाचांची नजर तेज आहे. पुढे लक्षात आले की, त्यांच्यापेक्षा तेज नजरेची पोरे तिथे बरीच होती. चाचांचे कसब वेगळेच होते. आपल्याला जे दिसते ते दुसऱ्याला कसे दाखवायचे, हे त्यांना कळत होते.

आज त्याच चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या अभियंत्यांविषयी मला बोलायचे आहे. मी कलाशाखेचा माणूस. गणिताशी असलेला माझा संबंध दहावीनंतर सुटला तो सुटलाच. त्यामुळे त्यांच्या यंत्रांविषयी मी कमी बोलेन. मला ओढ आहे ती त्यांच्या भांडणाची. एक सोपे वाक्य त्यांच्या हाती पडले आणि त्या वाक्याचा अर्थ काय, यावर वर्षभर त्यांचे एकमत होईना. ते एकमत कसे झाले, ती ही हकीकत आहे. पण चंद्राकडे निघण्याआधी थोडे समुद्राकडे जाऊ या. एकमत झालेच नाही तर काय होते, ते तिथे पाहायला मिळते.

२४ एप्रिल १९६१ रोजी स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या बंदरात एक लाकडी जहाज समुद्राच्या तळातून वर काढण्यात आले. त्याचे नाव 'वासा'. ते ३३३ वर्षे पाण्याखाली होते. राजा दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ याने ते बांधून घेतले होते. शत्रूला पाहताक्षणी धडकी भरावी, असे जहाज त्याला हवे होते. राजा लढाईच्या धामधुमीत सतत परदेशी असे. तिथून त्याची पत्रे येत. कधी जहाजांच्या आकाराविषयी, कधी घाई करण्याविषयी. त्या काळी जहाजाचा आराखडा कागदावर काढण्याची रीत तिथे नव्हती; तो मुख्य कारागिराच्या डोक्यात असे. हा कारागीर, हेन्रिक हिबर्टसन, आजारी पडला आणि जहाज अपुरे असतानाच १६२७ मध्ये वारला. त्याच्या माघारी काम हाती घेणाऱ्यांनी ते पुढे रेटले. जहाजावर दोन मजली तोफा चढल्या, एकूण ६४. त्यांतल्या ४८ तर भारी वजनाच्या होत्या आणि त्या दोन्ही मजल्यांवर होत्या. जहाज डोक्याकडे जड झाले.

हे कुणाला कळलेच नाही असे नाही. जहाज धक्क्याला असतानाच ३० खलाशांना एका कडेकडून दुसऱ्या कडेला पळवून पाहण्यात आले. तिसऱ्या फेरीला जहाज इतके कलू लागले की, आरमाराच्या अधिकाऱ्याने पळापळ थांबवली. जहाज उलटेल या भीतीने चाचणी थांबली. जहाज मात्र थांबले नाही. राजाचे पत्र आले होते, आणि जहाज समुद्रात जाण्याजोगे नाही असे राजाला कळवायचे कुणी? १० ऑगस्ट १६२८ रोजी 'वासा' पहिल्या प्रवासाला निघाले. सुमारे १३०० मीटर गेले असेल-नसेल. वाऱ्याचा एक झोत आला, जहाज कलले, खालच्या तोफांसाठी उघडलेल्या खिडक्यांतून पाणी आत शिरले आणि काठावरच्या गर्दीच्या डोळ्यांदेखत ते बुडाले. सुमारे ३० माणसे गेली.

चौकशी झाली. बांधणारे म्हणाले, मापे खुद्द राजाने मंजूर केली होती. जहाजावरची माणसे म्हणाली, आमच्या कामात कसूर नव्हती. शिक्षा कुणालाच झाली नाही, कारण दोष एका कुणाचा नव्हताच. पुढे जहाज वर काढल्यावर त्यात सुतारांच्या मोजपट्ट्या सापडल्या. काही पट्ट्यांवर स्वीडनचा फूट होता, १२ इंचांचा. काहींवर ॲमस्टरडॅमचा फूट होता, ११ इंचांचा. एकाच राजासाठी, एकाच जहाजावर, मन लावून काम करणाऱ्या माणसांचा फूटसुद्धा एक नव्हता!

'वासा' वर आले त्यानंतर बरोबर एक महिना आणि एक दिवसाने, म्हणजे २५ मे १९६१ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी त्यांच्या संसदेपुढे उभे राहिले. हे दशक संपण्याच्या आत माणूस चंद्रावर उतरवायचा आणि त्याला पृथ्वीवर सुखरूप परत आणायचे, असे उद्दिष्ट राष्ट्राने स्वीकारावे, असे त्यांनी सांगितले. या घोषणेमागे घाई होती आणि बोचही होती. १२ एप्रिलला सोव्हिएत रशियाच्या युरी गागारिनने पृथ्वीला प्रदक्षिणा घातली होती. अमेरिकेचा ॲलन शेपर्ड ५ मे रोजी वर जाऊन आला, पण प्रदक्षिणा न घालताच. माणसाला अवकाशात पाठवण्याचा अमेरिकेचा एकूण अनुभव त्या दिवशी जेमतेम १५ मिनिटांचा होता.

शब्दांचा धंदा करणारा माणूस म्हणून मला केनेडींच्या त्या वाक्याचे कौतुक वाटते. कुणाला पाठवायचे ते त्यात आहे, कुठे ते आहे, कधीपर्यंत ते आहे. आणि 'सुखरूप परत' हे सर्वांत महत्त्वाचे शब्दही आहेत. इतके नेमके वाक्य राजकारणात क्वचितच ऐकू येते. तरीही ज्यांच्या टेबलावर ते पडले, त्या अभियंत्यांच्या दृष्टीने ते अपुरे होते. त्यात 'कसे' नव्हते. तुम्ही म्हणाल, 'कसे' ते ठरवणे अभियंत्यांचेच काम. खरे आहे. पण हे 'कसे' ठरल्याशिवाय कोणते रॉकेट बांधायचे, किती मोठे, यान एक की दोन, त्यात माणसे किती, यातले काहीच ठरत नव्हते. वरून पाहणाऱ्याला जे वाक्य आरशासारखे लख्ख दिसते, ते खाली काम करणाऱ्याला धुक्यासारखे वाटू शकते.

चंद्रावर जायच्या तीन वाटा तेव्हा बोलल्या जात होत्या. आपल्याकडच्या गडाच्या उदाहरणाने त्या सहज समजतील. समजा, दूरच्या गावाहून गाडीने निघून एक उंच गड चढायचा आहे आणि परत यायचे आहे. पहिली वाट अशी की, सगळी गाडीच्या गाडी, येण्याजाण्याच्या शिध्यासकट, थेट गडमाथ्यावर न्यायची आणि तीच खाली आणायची. सांगायला ही सर्वांत सोपी. पण एवढे ओझे चंद्रावर उतरवून पुन्हा उचलायचे, तर 'नोव्हा' नावाचे एक अवाढव्य रॉकेट लागणार होते. ते तेव्हा फक्त कागदावर होते. दुसरी वाट अशी की, सामान दोन खेपांत घराबाहेर काढायचे, वेशीवर जमवायचे, तिथे गाडी सिद्ध करायची आणि मग निघायचे. म्हणजे दोन रॉकेटे सोडून त्यांची भेट पृथ्वीभोवतीच्या कक्षेत घडवायची. पुढे गडावर मात्र सगळी गाडीच चढवायची.

तिसरी वाट आपल्या गावाकडचा कुणीही शहाणा माणूस सुचवील अशी होती. गाडी पायथ्याशी ठेवा. परतीचा शिधाही गाडीतच राहू द्या. लागेल तेवढेच सामान पाठीवर घ्या, गड चढा, उतरा आणि गाडीत बसून घरी या. म्हणजे मूळ यान चंद्राभोवती फिरत राहील. एक छोटे यान दोघांना घेऊन खाली उतरेल, परत वर येईल आणि मूळ यानाला जोडले जाईल. काम झाले की छोटे यान तिथेच सोडून द्यायचे. ओझे इतके कमी होत होते की, एकाच रॉकेटमध्ये सगळे भागत होते.

मग अडचण कुठे होती? अडचण भीतीची होती, आणि ती भीती खोटी नव्हती. गडाखालची गाडी जागेवर उभी असते. इथली गाडी ताशी हजारो किलोमीटर वेगाने फिरत असणार. खालून वर आलेल्या यानाची आणि तिची गाठ पडली नाही, तर आतल्या दोघांना पृथ्वीपासून पावणेचार लाख किलोमीटरांवर मरण येणार. अवकाशात दोन याने एकमेकांना जोडणे तोवर जगात कुणालाच जमलेले नव्हते; ते पहिल्यांदा जमले १९६६ च्या मार्चमध्ये. जी गोष्ट घराच्या अंगणातही कुणी केलेली नाही, ती चंद्राजवळ करायची ही कल्पना अनेकांना अविचाराची वाटली.

भीतीखेरीज आणखी एक गोष्ट होती. अमेरिकेची 'नासा' ही संस्था १९५८ साली स्थापन झाली, ती आधीच्या अनेक संस्था आणि तुकड्या एकत्र करून. अलाबामा राज्यातल्या हंट्सव्हिलच्या केंद्रात रॉकेटे बनत. तिथले प्रमुख होते व्हेर्नर फॉन ब्राउन. त्यांच्या मंडळींचा ओढा दुसऱ्या वाटेकडे होता. त्या वाटेने जास्त रॉकेटे लागणार होती आणि रॉकेट हाच त्यांचा जीव की प्राण. रॉबर्ट गिलरुथ यांची तुकडी माणसाला नेणारी याने बनवत असे. ती पुढे ह्यूस्टनला गेली. त्यांना आधी एकसंध यान थेट उतरवणारी पहिली वाट पसंत होती. प्रत्येकाकडे आकडे होते, कारणे होती. लबाड कुणीच नव्हते. पण ज्याच्या हातात जे हत्यार, त्याला त्या हत्याराचीच वाट दिसत होती. चांद एकच आणि बोटे निरनिराळ्या दिशांना!

तिसऱ्या वाटेचा पुरस्कर्ता या दोघांपैकी कुणाचाच माणूस नव्हता. व्हर्जिनिया राज्यातल्या लँग्ली केंद्रात जॉन हुबोल्ट नावाचे अभियंता होते. ही कल्पना मूळची त्यांची एकट्याची नव्हे. पण हिशेब मांडून तिचा पिच्छा पुरवणारा माणूस तो. डिसेंबर १९६० मधल्या एका बैठकीत त्यांनी ती वाट मांडली, तेव्हा यानांचे नामांकित रचनाकार मॅक्स फॅजे यांनी हे आकडे खोटे आहेत, असे भर सभेत म्हटले. हुबोल्ट सांगत राहिले. समित्या बसत राहिल्या, अहवाल येत राहिले आणि तिसरी वाट यादीच्या तळाशीच राहिली.

शेवटी १५ नोव्हेंबर १९६१ रोजी हुबोल्ट यांनी मधल्या सगळ्या पायऱ्या ओलांडून 'नासा'च्या वरिष्ठांपैकी एक, रॉबर्ट सीमन्स, यांना नऊ पानांचे पत्र लिहिले. सरकारी खात्यात असे करणे म्हणजे काय, हे नोकरी केलेल्या कुणालाही सांगायला नको. आपण अरण्यात ओरडणाऱ्या माणसासारखे लिहीत आहोत, हे त्यांनी पहिल्यापासूनच कबूल केले होते. पण त्या पत्रातला मुख्य प्रश्न अगदी साधा होता : आपल्याला चंद्रावर जायचे आहे की नाही? 'नोव्हा'चे ते अवाढव्य धूड सर्वांनी मुकाट्याने स्वीकारायचे आणि वजन वाचवणाऱ्या वाटेला मात्र कोपऱ्यात उभे करायचे, हे का?

या प्रश्नाचे मोल मला फार वाटते. वाद चालला होता कोणते रॉकेट चांगले, कोणते केंद्र श्रेष्ठ, कोणती पद्धत सुरक्षित यावर. हुबोल्ट यांनी तो उचलून पुन्हा मूळ वाक्यापाशी नेऊन ठेवला. माणूस, चंद्र, दशक, सुखरूप परत. या चार गोष्टी ज्या वाटेने साधतील ती वाट आपली. मग ती कुणाच्याही केंद्रातून निघालेली असो. चाचांनी लिंबाचा शेंडा धरायला सांगावा, तसे हे होते.

सीमन्स यांचा मोठेपणा असा की, त्यांनी पत्र लिहिणाऱ्याला त्याची पायरी दाखवली नाही. त्यांनी ते पत्र समानव उड्डाणांचे प्रमुख ब्रेनर्ड होम्स यांच्याकडे पाठवले. होम्स यांच्या हाताखाली जोसेफ शिया नावाचे तरुण अभियंता नुकतेच दाखल झाले होते. कोणत्याच वाटेशी त्यांची जुनी सोयरीक नव्हती. केंद्राकेंद्रांतली माणसे एका खोलीत बसवायची, एकाच मापाने सगळ्या वाटा मोजायच्या आणि निर्णयाकडे सरकायचे, हे काम शिया यांनी चिकाटीने केले. 'वासा'च्या सुतारांना जे मिळाले नाही ते इथे मिळाले. सर्वांच्या हाती एकच मोजपट्टी आली.

आधी गिलरुथ यांची मंडळी वळली. आपल्याला यान चंद्रावर उतरवायचे आहे आणि छोटे यान उतरवणे हे मोठे धूड उतरवण्यापेक्षा सोपे, हे त्यांच्या हिशेबात आले. १९६२ च्या एप्रिलमध्ये ते आपले तक्ते घेऊन हंट्सव्हिलला गेले आणि फॉन ब्राउन यांच्या माणसांपुढे सगळा हिशेब त्यांनी मांडला. हंट्सव्हिलकर लगेच पटले असे मुळीच झाले नाही.

मग ७ जून १९६२ चा दिवस उजाडला. हंट्सव्हिलला दिवसभर बैठक होती. शिया समोर बसले होते. फॉन ब्राउन यांचे सहकारी तासन् तास एकामागून एक उठून दुसऱ्या वाटेची, म्हणजे आपल्या वाटेची, बाजू मांडत होते. सगळे संपल्यावर फॉन ब्राउन स्वतः उठले आणि त्यांनी लिहून आणलेले निवेदन वाचले : या केंद्राची शिफारस तिसऱ्या वाटेची आहे. त्यांच्याच माणसांना धक्का बसला. दिवसभर ज्या बाजूने बोललो, तिच्याविरुद्ध आपल्याच प्रमुखाने कौल दिला होता.

पण त्यांनी नुसता कौल दिला नाही, कारणेही सांगितली. दशकाच्या आत काम होण्याची सर्वांत जास्त खात्री याच वाटेने आहे. उतरणाऱ्या यानाचे काम आणि पृथ्वीवर परतणाऱ्या यानाचे काम वेगळे केले की दोन्ही सोपी होतात. येत्या काही आठवड्यांत निर्णय झाला नाही, तर कोणतीच वाट वेळेत पुरी होणार नाही. आणि शेवटी त्यांनी मानवी स्वभावाची गाठ सोडवली. ही कल्पना ह्यूस्टनची नाही आणि हंट्सव्हिलचीही नाही, तेव्हा 'आमची' आणि 'त्यांची' हा प्रश्नच उरत नाही; दोन्ही केंद्रांनी तिसऱ्याची सूचना स्वीकारली आहे, असे ते म्हणाले. कुणाची मान खाली गेली नाही. माणसे हरायला तयार असतात. हरलेले दिसायला तयार नसतात. हे ज्या पुढाऱ्याला कळते, त्याच्यामागे माणसे येतात.

या माणसाविषयी बोलताना एक गोष्ट लपवता येणार नाही. याच फॉन ब्राउन यांनी दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या जर्मनीसाठी 'व्ही-२' हे अस्त्र बनवले होते. छळछावणीतल्या कैद्यांना राबवून ती अस्त्रे तयार झाली आणि त्या राबणुकीत हजारो माणसे मेली. सगळे एका दिशेला चालू लागले म्हणजे दिशा चांगलीच असते, असे नव्हे. एकजूट हे बळ आहे. ते पुण्य आहे की पाप, हे उद्दिष्टावरून ठरते.

११ जुलै १९६२ रोजी 'नासा'ने तिसरी वाट जाहीर केली. वाद लगेच मिटला नाही. केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम विझनर यांना ती पटली नव्हती. सप्टेंबरमध्ये हंट्सव्हिलच्या भेटीत खुद्द अध्यक्षांसमोर त्यांची आणि फॉन ब्राउन यांची वादावादी झाली. पण शंका ऐकून घेऊनही 'नासा'चे प्रमुख जेम्स वेब आपल्या लोकांच्या निर्णयामागे उभे राहिले.

गंमत पाहा, ज्या दोघांच्या शब्दावर ही सगळी माणसे राबत होती, त्या केनेडी आणि वेब यांच्यातही अर्थाचा मतभेद होता. २१ नोव्हेंबर १९६२ च्या त्यांच्या बैठकीचे ध्वनिमुद्रण २००१ साली लोकांपुढे आले. चंद्रमोहीम हे तुमचे पहिले काम आहे का, असे केनेडी विचारतात. वेब सांगतात, नाही, पहिल्या कामांपैकी एक आहे. आपल्याला एकूण अवकाशविद्येत श्रेष्ठ व्हायचे आहे. केनेडी म्हणतात, हेच पहिले काम असले पाहिजे. रशियाच्या आधी पोहोचायचे आहे, एरवी मला अवकाशात तेवढा रस नाही. घोषणेला दीड वर्ष झाले होते. तेव्हा 'साहेबांना नेमके काय हवे आहे?' हा प्रश्न पडणाऱ्या आपल्या कचेऱ्यांतल्या माणसांनी उगीच खंत करू नये. तो थेट विचारावा, हेच बरे.

वाट ठरल्यावर मात्र काम कसे पळू लागले ते पाहण्याजोगे आहे. छोट्या यानाचे कंत्राट न्यूयॉर्कजवळच्या ग्रुमन कंपनीला मिळाले. हे यान हवेतून कधी उडणारच नाही, हे ठरल्यामुळे त्याला निमुळता, देखणा आकार देण्याची गरज उरली नाही. ते कोळ्यासारखे कुरूप झाले तरी चालणार होते. वजन कमी करायचे, तर बसायच्या खुर्च्या कशाला? उतरायला थोडाच वेळ लागतो, उभ्याने उतरू. खुर्च्या गेल्या. माणूस काचेजवळ उभा राहिला की लहान खिडकीतूनही पुरेसे दिसते. मोठ्या खिडक्या गेल्या. पाच पायांचे चार झाले. यातले प्रत्येक पाऊल कुणा वरिष्ठाने सांगावे लागले नाही. उद्दिष्ट नीट उमगले की, शेवटच्या टेबलावरचा माणूसही आपल्यापुरता निर्णय स्वतः घेऊ शकतो. ऐन भरात या मोहिमेवर सुमारे ४ लाख माणसे राबत होती. एवढ्यांना रोज हुकूम कोण देणार?

तरी एकमताचीही एक झिंग असते. तारीख गाठायचीच, या धुंदीत 'सुखरूप' हा शब्द मागे पडू लागला. २७ जानेवारी १९६७ रोजी, जमिनीवरच्या एका सरावात, यानात आग लागली आणि गस ग्रिसम, एड व्हाइट, रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर आतच गेले. आत दाबाने भरलेला निव्वळ ऑक्सिजन होता आणि दार आतल्या बाजूला उघडणारे होते. रॉकेटमध्ये इंधन नव्हते म्हणून या सरावाला धोक्याचा मानलेच नव्हते. त्यानंतर यानाची रचना पुन्हा तपासली गेली, दार बदलले गेले. केनेडींच्या वाक्यात तारीख होती तसे सुखरूप परतणेही होते, ही आठवण त्या तिघांनी जिवाचे मोल देऊन करून दिली.

२० जुलै १९६९ रोजी ते कुरूप छोटे यान चंद्रावर उतरले. नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन खाली होते, मायकेल कॉलिन्स वर मूळ यानात, पायथ्याची गाडी सांभाळत. २४ जुलैला तिघेही सुखरूप परतले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जगाच्या दौऱ्यात ते आपल्या मुंबईलाही येऊन गेले. यान उतरले तेव्हा ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षामागच्या पाहुण्यांच्या जागेत हुबोल्ट बसले होते. १९६३ मध्येच त्यांनी 'नासा' सोडली होती. फॉन ब्राउन यांनी मागे वळून त्यांना दाद दिली. आठ वर्षांपूर्वीच्या नऊ पानांची ती पोच होती. हुबोल्ट पुढे ९५ वर्षे जगून २०१४ मध्ये वारले.

त्या वाटेने एक अनपेक्षित देणगीही दिली. १९७० च्या एप्रिलमध्ये 'अपोलो-१३'च्या मूळ यानात वाटेतच स्फोट झाला. तेव्हा तिघा अंतराळवीरांनी छोट्या यानात आसरा घेतला आणि त्याच्या आधाराने ते घरी पोहोचले. पहिल्या वाटेने गेले असते तर आसऱ्याला दुसरे यानच नसते. ज्या वाटेला माणसे जिवाच्या भीतीने नाही म्हणत होती, तिनेच तीन जीव वाचवले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी आपले 'चांद्रयान-३' उतरले तेव्हाही, त्याला तिथवर नेणारा भाग चंद्राच्या कक्षेतच राहिला होता आणि उतरायचे तेवढेच खाली गेले होते. त्याआधी २०१९ मध्ये आपला एक प्रयत्न फसला होता. तो का फसला हे आपल्या शास्त्रज्ञांनी झाकून ठेवले नाही. काय काय बिघडू शकते याची यादी समोर ठेवूनच त्यांनी पुढची बांधणी केली.

मित्रहो, घर असो, संस्था असो की देश, मोठी वाक्ये आपल्या आयुष्यात वरचेवर येतात. गाव आदर्श करायचे आहे. शाळा सुधारायची आहे. सगळे माना डोलावतात आणि मग सगळे आपापल्या दिशेला बोट करून उभे राहतात. अशा वेळी 'एकीने काम करा' असे सांगून एकी होत नाही. कुणीतरी हुबोल्टसारखे उठून विचारावे लागते, आपल्याला नेमके कुठे जायचे आहे? कुणीतरी सीमन्ससारखे ते ऐकावे लागते. आणि कुणीतरी फॉन ब्राउन यांनी त्या जूनच्या दुपारी केले तसे, आपल्याच माणसांसमोर, आपले बोट खाली घ्यावे लागते.

चाचांची एक सवय मला आता आठवते. सर्वांना चांद दाखवायला ते एका ठरलेल्या जागी उभे राहत. एकदा एका पोराने त्यांना हटकले, 'चाचा, इथून फांदी आड येते. माझ्या जागेवर येऊन बघा.' चाचा काही न बोलता चार पावले चालत त्याच्यापाशी गेले, डोळे बारीक करून पाहिले आणि म्हणाले, 'पोरगं बरोबर बोलतंय. सगळे इकडे या.'